पायरीपुढची उन्हाची पट्टी

चिमीला थोपटता थोपटता हर्षदाचा हात जड होतो. दुपारचं ऊन पडद्यातून आत झिरपतंय, पंखा घरघरतोय, आणि कोण कुणाला थोपटतंय तेच आता नीट कळत नाही. मिटल्या डोळ्यांपुढे पायरीसमोरची मातीची पट्टी आहे. सोलापूरचं ऊन तिथे सकाळपासून ठाण मांडून बसतं. जे लावलं ते गेलं. संदेश सकाळी बूट घालताना म्हणाला, "रविवारी फरशीवाला येतोय. तोवर काही जगलं तर ठीक, नाहीतर सपाट करून टाकू. तुलाही धुवायला सोपं."

त्याचं काही चुकत नाही. पण ती पट्टी आईने मागून घेतलेली. "बाळंतपणाला आले की दारात मी लावीन, तू हात लावू नकोस," असं बजावणारी आई हर्षदाच्या सातव्या महिन्यात बार्शीला तापाचं निमित्त होऊन गेली. नात न बघताच.

थोपटणं थांबतं. पायरीवर आई बसली आहे.

पदर खोचलेला, चपला शेजारी काढून ठेवलेल्या. "काय गं, घामाने भिजलीस की," ती म्हणते, सकाळच्या एसटीने आल्यासारखी. आई गेलीय हे हर्षदाला माहीत आहे, पण आल्या आल्या तसं बोलणं बरं दिसणार नाही.

"आई, चिमीला बघ ना." ती कडेवरचं बाळ पुढे करते. हातात काळ्या पिशवीतलं रोप आहे, ओलं, बाळाएवढंच जड.

"सदाफुली," आई म्हणते. "गोड आहे. पण उंच होते. दारात नको."

"अगं, ही चिमी..."

"चल, दुसरं बघू."

पायरी उतरतात तो बार्शीचा स्टँड. फलाटांना गाड्यांऐवजी रोपांच्या रांगा लागल्यात. वरच्या पाट्या तशाच, लातूर, परांडा, तुळजापूर. आई वाकून एकेक पान चिमटीत धरून बघते. कोरफडीपाशी मान हलवते. "उन्हाला भीत नाही, पण काटे आहेत." गुलाबाकडे तर ढुंकूनही बघत नाही. पुढे ऑफिस टाइमची गुलाबी फुलं जमिनीला चिकटून पसरलेली. "ही घे. दहाला उघडतात, दुपारी मिटतात. सरकारी नोकरीच."

हर्षदा हसते. कडेवरचं रोपही हसल्यासारखं हलतं.

"सगळं बुटकंच का बघतेस गं?"

"तू रांगायला लागलीस तेव्हा दारात मी हौसेने कर्दळ लावलेली. एक दिवस तिच्या आड गेलीस, आणि मी गल्लीभर बोंबलत फिरले. सापडलीस तेव्हा मजेत माती खात होतीस." आई पुढच्या रांगेकडे सरकते. "तेव्हापासून दारात वितीपेक्षा उंच काही लावलं नाही. ओट्यापाशी उभं राहून मूल दिसलं पाहिजे."

हर्षदा कडेवरचं रोप सावरून धरते. म्हणजे इतका वेळ ही बघतेय ते चिमीसाठीच.

आई एक जाड, लवदार पान चुरगळून तिच्या नाकाशी धरते. ओव्याचा वास. "पानओवा. हा पसरतो, डोकं वर काढत नाही. एकदा धरला की वर्षानुवर्षं राहतो. पोराला सर्दी झाली की औषध दारातच."

"माझ्या हातनं जगत नाही, आई. कालचं रोप आज शिजल्यासारखं दिसतं."

"मग शिजवत असशील."

फलाटाच्या टोकाला हर्षदाच्या घरातलं न्हाणीघर आहे. वाफच वाफ. चिमीच्या आंघोळीसाठी काढलेल्या कढत पाण्याची बादली अर्धी उरली आहे. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, म्हणून हर्षदा ती रोज पट्टीवर नेऊन रिकामी करते. वाया जायला नको.

आई बादलीत बोट बुडवते आणि चटकन काढते. "बाळाच्या पाण्यात विसण घातलंस. रोपांच्या कुणी घालायचं?" आणि मग तिला हसू आवरत नाही. "बाळंतीण समजून शेकत होतीस का गं त्यांना?"

"कुणी सांगायलाच नव्हतं," हर्षदा म्हणते.

आईचं हसू ओसरतं. वाफही. हर्षदाच्या कडेवर आता चिमी आहे, खरीखुरी, झोपाळलेली, गरम. आई बघत राहते. हात पुढे करते, मागे घेते. "हात मातीचे आहेत गं."

"असू देत."

"काजळही आणलं नाही." आई एक बोट चिमीच्या कानामागे हळूच टेकवते. "हीच तीट. दृष्ट लागेल माझीच."

"थांबतेस ना?"

आई चपला घालतेय. "पाणी आधी निवू दे," ती म्हणते.

पंखा घरघरतोय. चिमी जागी होऊन स्वतःच्या मुठीशी बोलतेय. हर्षदा तिला उचलून न्हाणीघरात जाते, सकाळी विसरलेल्या बादलीत कोपर बुडवते. गार. मग संदेशला फोन लावते.

"फरशी पायरीपर्यंतच. पट्टी राहू दे."

"आणि लावणार काय?"

"बुटकं काहीतरी. पानओवा. येताना घेऊन ये."

"बरं," तो म्हणतो. "आवाज असा का येतोय?"

"झोपले होते."

फोन ठेवून ती चिमीला खांद्यावर घेते. डाव्या कानामागे काळ्या मातीचा ठिपका आहे, बोटाच्या टोकाएवढा. हर्षदा ओढणीचं टोक पुढे नेते आणि थांबते.

तीट अजून ओली आहे.