कूलरचं तोंड

माझ्या मामाने कधी कूलरचं तोंड स्वतःकडे केलेलं कोणी पाहिलं असेल, तर त्याने मला येऊन सांगावं. अकोल्यात त्याचं कूलरचंच दुकान. अकोल्याचं ऊन बाहेरच्यांना सांगून पटत नाही आणि आमच्यांना सांगावं लागत नाही. अशा उन्हात दुकानात कोणीही टेकलं, गिऱ्हाईक असो की नुसता पत्ता विचारायला आलेला, की मामा चालता कूलर चाकांवर गर्रकन फिरवून त्याच्यासमोर करायचा. "पयले निवा, मंग बोला," हे त्याचं वाक्य. स्वतः मागे उभा, बनियन पाठीला चिकटलेली. सगळी गल्ली त्याला कूलरमामा म्हणायची. मी सख्खी भाची, पण मीही तेच म्हणायचे.

मामा बोलायला लागला की आवरत नसे, पण तत्त्व एकच सांगायचा: "वायर अन् भाषन, दोनी आखूड पायजे." हे समजावून सांगायला त्याला अख्खी दुपार पुरत नसे. चिकटपट्टीवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. आमच्या उन्हात तिचा डिंक पाघळतो, म्हणून वायरच्या जोडावर तो सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायचा. मामीच्या लोणच्याच्या बरणीलासुद्धा तीच पट्टी असायची.

मामी भजन मंडळात गायची. मंडळ बायकांचं, खंजिरी त्यांची, पेटी त्यांची, आणि मुख्य आवाज मामीचा. पण नशीब असं, की कुठल्याही गावच्या स्पर्धेत यांची पाळी आली रे आली की लाइन जायची. माईक मुका, आणि मागच्या बाया "आयकू येत नाही वं" म्हणत चहाला उठायच्या. घरी आल्यावर मामी धुसफुसायची, "एक डाव मले माईकवर भजन शेवटपर्यंत म्हनू द्या. बक्षीस गेलं चुलीत."

मामाने ते मनावर घेतलं. कूलर पोचवायच्या पिकअपच्या डाल्यात, म्हणजे मागच्या उघड्या भागात, त्याने इन्व्हर्टर बसवायचं ठरवलं. मी अमरावतीहून सुट्टीला आले होते, कॉलेजात शिकवणारी चांगली मोठी बाई, तरी 'पाना दे, पक्कड दे' माझ्याच वाट्याला आलं. केबिनला टेकून दुसरी बॅटरी, लोखंडी पट्टीने आवळलेली. इंजिनकडून तिच्यापर्यंत अंगठ्याएवढी जाड वायर, वाटेत फ्यूज. बाजूला इन्व्हर्टर, आणि खड्ड्यांत त्याची हाडं खिळखिळी होऊ नयेत म्हणून खाली रबर. इन्व्हर्टरच्या पंख्यापुढे त्याने वीतभर जागा मोकळी सोडली. "यालेबी हवा लागते, बाई," तो म्हणाला. आणि स्वतः तापलेल्या पत्र्यावर पोतं टाकून बसलेला, घामाने निथळत. मी म्हटलं, मामा, कूलर आणून लावते जरा.

"कायले? मी का पाव्हना आहो?"

इन्व्हर्टरचा दिवा लागला तेव्हा मामीने त्याला हळदकुंकू वाहिलं आणि मामाला दम भरला. "याच्यावर माईकबिगर काई लावाचं नाही. कूलर तं नाहीच नाही. घ्या शपथ." मामाने गळ्याला हात लावून शपथ घेतली. तेव्हा त्याचा चेहरा अगदी खरा होता, हे मी आजही सांगीन.

रामनवमीची स्पर्धा कौंडण्यपूरकडच्या एका गावात होती, भर दुपारी, मांडवात. मामीचं मंडळ बसलं आणि लाइन गेली. या खेपेला आम्ही सगळे हसलो. मामाने डाल्यातून वायर ओढली. गाडी चालू असली की बॅटरी भरत राहायची, पण इंजिनची धडधड माईकमध्ये येत होती म्हणून गाडी बंद केली. मामीचा आवाज असा काही लागला, की चहाला उठलेल्या बाया कपासकट परत आल्या. पुढे परीक्षक बसले होते, म्हातारे गुरुजी, टोपीने वारा घेत. मांडवातला कूलर लाइनीबरोबर गप्प झालेला. मामाची चुळबुळ मला दिसत होती. मी डोळे वटारले, तोवर त्याने कूलरची पिन इन्व्हर्टरात खुपसलीसुद्धा, आणि कूलरचं तोंड गुरुजींकडे केलं. गुरुजींनी सुखाने डोळे मिटले. जरा वेळाने बॅटरी उतरत आली आणि इन्व्हर्टर टूं टूं करायला लागला. खंजिरीशी त्याचा ताल काही जमेना. आणि ऐन शेवटच्या कडव्यात माईक, कूलर, सगळंच बसलं.

परतताना मामी केबिनमध्ये आलीच नाही, डाल्यात बायांजवळ बसली. मामा मागच्या खिडकीतून म्हणाला, "अवं, मास्तरले घाम येऊन रायला होता. पाहावलं नाही मले."

"माह्या भजनापेक्षा तुमाले मास्तरचा घाम मोठा," मामी कडाडली. हे वाक्य पुढे तिने प्रत्येक लग्नकार्यात, प्रत्येक पाहुण्यापुढे ऐकवलं, आणि मामा कूलरमागे उभा राहून हसत राहिला. मलाही त्या दिवशी त्याचा सपाटून राग आला होता. पण असल्या माणसावर राग टिकत नाही, हीच तर कटकट.

यंदा वैशाखात मामा गेला. दुपारी जेवून आडवा झाला तो उठला नाही. मी अमरावतीहून पोचले तेव्हा त्याला ओसरीवर ठेवलं होतं. मंडळाच्या बाया खंजिऱ्या घेऊन आल्या होत्या, गल्ली माणसांनी भरली होती, आणि लाइन गेलेली. शेजाऱ्याने पिकअप दारात आणून लावली. वायर ओढत तो मामीला म्हणाला, "माईक जोडतो. एवढी गर्दी हाये, मागच्याइले आयकू येनार नाही."

मामीने मान हलवली. "माईक राहू द्या. कूलर लावा. अन् गाडी चालूच ठेवा."

त्याने कूलर आणला आणि या घरच्या सवयीप्रमाणे त्याचं तोंड आम्हा बसलेल्यांकडे केलं. मामी उठली. तिने तो आपल्या हाताने फिरवला.

"त्यायच्याकडे," ती म्हणाली. "आज ते पाव्हने आहेत."

मामाच्या अंगावरची चादर हलायला लागली. मग मामीने माईकवाचून भजन धरलं, आणि शेवटपर्यंत म्हटलं.