लांब्या थोर की ठेंग्या

“अहो मुकादम, नुसते पॉइंट मोजून खेळाडू कळतो होय? मग ढेकर मोजून सुगरण ठरवा की!”

“लांब्यानं एका मॅचमध्ये अडतीस मारलेत. तुझ्या ठेंग्यानं अख्ख्या हंगामात मारले का तेवढे?”

“नाही मारले. पण ठेंग्या आत असला की दहा मिनिटांत आपण सात पॉइंट पुढं. तो बाकावर बसला की तेच गडी एकमेकांच्या पायात. लांब्या आत असला तर जेमतेम दोन पुढं. त्यात त्याच्या जोडीला कायम चांगले गडी. त्यांचं त्यांना दिलं तर दोनही उरत नाहीत.”

लांब्या आणि ठेंग्या, दोघांनीही बास्केटबॉल सोडून जमाना झाला होता. पण शीतगृहातल्या चहाच्या सुट्टीत, या वादात, ते रोज खेळत. ठेंग्याची बाजू घेणाऱ्याला सगळे वहीवाला म्हणत. क्लबच्या मॅचला एकोणीस वर्षं तोच टेबलाशी बसून कोण कितव्या मिनिटाला आत गेला, कोण बाहेर आला, तेव्हा किती-किती झाले होते, ते सगळं उतरवून घ्यायचा. बाकी आठवडाभर उणे अठरात खोकी रचायची. बावीस वर्षं त्या गारठ्यात काढली आणि गुडघ्यांनी हात टेकले. डॉक्टर म्हणाले, गारठा सोड, नाहीतर जिना विसर. फाटकाजवळच्या वजनकाट्यावरची जागा रिकामी होती. ऊन, खुर्ची, खिडकी. अर्ज दिलेला होता, मुकादमाची सही तेवढी राहिली होती.

पण वाद जिंकायची खाज वाईट. मुकादम म्हणाला, “हे तुझं गणित मला पटवून दे.” आणि या बहाद्दरानं खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन चालवलं. “आपलीच टोळी घ्या. कोण कोणत्या पाळीला होता आणि किती खोकी लागली, तुमच्या रजिस्टरात आहेच. एकेक गडी असताना किती, नसताना किती, बघा. सोबत कोण होतं तेही धरा.”

मुकादम माणूस चिकट. चार दिवस रजिस्टरात डोकं घालून बसला आणि शुक्रवारी वहीवाल्याला बोलावलं. चेहरा लग्नघरासारखा.

“अरे, सगळ्यात कमी खोकी उचलतोस तू. पण तू असलास की टोळी तासाला एक्केचाळीस जास्त लावते! तू रजेवर गेलास की खोकी फुटतात, रांगा वाकड्या. सोबतचे गडी बदलून बघितलं, तरी तेच. तूच आमचा ठेंग्या निघालास, लेका!”

“आणि काट्याचं काय?”

“काट्यावर कुणीपण बसेल. कागद साहेबांना दाखवला. म्हणाले, याला हलवायचा नाही.”

वहीवाला घाईनं म्हणाला, “थोड्या दिवसांचे आकडे फसवतात, मुकादम.”

“चार वर्षांचे घेतलेत.”

“बरं, मग लांब्याच थोर. मी हरलो. झालं?”

“आता का? आकड्याला तोंडदेखलं बोलता येत नाही, हे तूच सांगायचास ना?” मुकादम खो-खो हसला. त्याच्या मनात काळं नव्हतं, म्हणून भांडताही येईना.

घरी बायकोनं गुडघ्यांना तेल चोळता चोळता सगळं ऐकलं. “स्वतःच पिंजरा विणलात आणि वर दार कसं लावायचं तेही शिकवून आलात,” ती म्हणाली. “आता अक्कल चालवा. उद्यापासून गप्प राहायचं. काय पडतंय ते पडू दे. आकडा आपोआप उतरेल.”

पटलं त्याला. सकाळी जाड कोट चढवून तो आत गेला, पाठीमागं जाड दार धप्पकन लागलं. एरवी कुठलं खोकं कुठं, हे तो गड्याचा हात पोचायच्या आधी सांगे. आज ओठ शिवले. पहिली रांग बरी लागली. दुसरीत नव्या गड्यानं हलकी खोकी खाली घातली, वर वजनदार चढवायला लागला. थप्पी कलली. वहीवाल्यानं भिंतीकडं तोंड केलं. भिंतीवर बर्फ. आठपर्यंत मोजलं त्यानं.

“अरे गाढवा, जड तळाला! तळाला! आणि चिठ्ठी बाहेरच्या अंगाला!”

मागचे चौघे सुटल्यासारखे हलले. एकानं वरची खोकी उतरवली, दुसऱ्यानं झेलली. वहीवाला गुडघ्यावर हात दाबून खाली वाकला आणि तळाचं पहिलं खोकं सरळ केलं.