मुराळी येत नाही, असे कळते

बुधवार, ३० एप्रिल २०२५ रोजी अक्षय्य तृतीया होती. कोणतेही पंचांग उघडून ही गोष्ट पडताळता येते. पुढे जे लिहिले आहे ते पडताळणे इतके सोपे नाही, कारण त्यातील बहुतेक साक्षीदार एकमेकांचे नातलग आहेत आणि उरलेले शेजारी.

खानदेशात या सणाला आखाजी म्हणतात. लग्न झालेल्या मुली माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराई मांडतात. दोंडाईच्याच्या बाजूला एका नदीवर त्यात आणखी एका कार्यक्रमाची भर पडते. नदीच्या अलीकडे हिंगपाडे, पलीकडे बोरपाट. दोन्ही नावे बदललेली आहेत; खरी दिली असती तर कोणाचे आधी लिहिले यावरून नवा वाद उभा राहिला असता. आखाजीच्या संध्याकाळी दोन्ही गावांच्या लेकी आपापल्या काठावर उभ्या राहतात आणि गाण्यांतून समोरच्या गावाचा उद्धार करतात. तिथली डाळ, तिथले जावई, तिथल्या विहिरीचे पाणी, काहीही सुटत नाही. ज्या काठावरच्या बाया आधी पाठ फिरवतात तो काठ हरला. दोन्ही गावांत पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक असल्याने कित्येकींना समोरच्या काठावर आपलेच सासर दिसते. वर्षभर पदर सावरून वावरलेली सून त्या संध्याकाळी सासूच्या स्वयंपाकाविषयी जे काही म्हणते, ते सुरात म्हटल्यामुळे माफ असते.

इंदिराबाई भामरे अशाच एक सून. माहेर बोरपाट, सासर हिंगपाडे, वय पंचावन्न. दहा-बारा किलोमीटरच्या टापूत ऐकू येणाऱ्या एका कम्युनिटी रेडिओवर त्या कित्येक वर्षे ‘ओसरी’ हा मुलाखतींचा कार्यक्रम करतात. गावातील माणसे, सण, गाणी, कामधंदे हे त्याचे विषय. मुलाखत कशी घ्यावी याचे प्रशिक्षण केंद्राने त्यांना दिले होते. त्याचा त्यांच्यावर काही परिणाम झाल्याचा पुरावा सापडत नाही.

त्यांची स्वतःची पद्धत वेगळी आहे. त्या प्रश्न विचारत नाहीत. समोरच्या माणसाच्या पुढ्यात एक धडधडीत चुकीचे वाक्य ठेवतात आणि गप्प बसतात. असोद्याहून पाहुणे आलेल्या एका शेतकऱ्याला त्या सहज म्हणाल्या, “भरिताचं वांगं गॅसवर भाजलं तरी काय, चव तीच.” ते गृहस्थ लाजाळू आहेत, बोलणार नाहीत, असे त्यांच्या मुलाने आधी बजावले होते. त्या वाक्यानंतर कपाशीच्या काड्या कोणत्या, जाळ किती, वांगे उलटायचे केव्हा, यावर ते इतके बोलले की मुलाखतीचे दोन भाग करावे लागले. माणूस प्रश्नाला उत्तर देईलच असे नाही, परंतु समोर बसून कोणी चुकीचे बोलले तर त्याला राहवत नाही, असे इंदिराबाईंचे निरीक्षण आहे. त्यांचे चुकीचे वाक्य प्रसारणापूर्वी कापले जाते. श्रोत्यांपर्यंत फक्त खवळलेले, अचूक उत्तर पोहोचते. हे कापण्याचे काम केंद्राचा तंत्रज्ञ धर्मेंद्र करतो. धर्मेंद्र हिंगपाड्याचा आहे, हे इथेच नोंदवून ठेवणे योग्य होईल.

मार्चमध्ये इंदिराबाईंनी बोरपाटच्या नानीबाईंची मुलाखत घेतली. आखाजीच्या गाण्यांत नानीबाईंचा हात धरणारे समोरच्या काठावर कोणी नाही, असे बोरपाटचे म्हणणे आहे. हिंगपाड्याचे म्हणणे छापण्याजोगे नाही. मूळ ध्वनिमुद्रण केंद्रात जतन आहे आणि ते ऐकता येते. त्यात इंदिराबाई नेहमीप्रमाणे सुरुवात करतात:

“नानी, मागली आखाजीले बोरपाटन्या बाया आधी पळन्यात म्हने.”

“कोनी सांगं तुले हाई? तुनी सासूनी सांगं व्हई!”

“आसं ऐकं मी.”

“ऐकं? भवाने, तू तं तठेच व्हती ना! मना बाजूले उभी ऱ्हाईसन बोंबलत व्हती!”

यानंतर नानीबाईंनी हिंगपाड्याच्या पळण्याचे सविस्तर वर्णन केले आणि शेवटी खूश होऊन झोक्यावरचे एक गाणे म्हटले.

प्रसारित झालेला भागही जतन आहे. त्यात इंदिराबाईंचे वाक्य आहे. नानीबाईंचा संताप नाही. वाक्य संपते न संपते तोच नानीबाई झोक्यावरचे गाणे अशा प्रसन्न आवाजात सुरू करतात, की जणू झाल्या गोष्टीला त्यांची पूर्ण संमती आहे.

“वेळ संपत चालला होता, ताई,” धर्मेंद्र म्हणाला. “कुठूनतरी कापावंच लागणार होतं.”

“कापाले तुले नानीनंच सापडनं? मनं सापडनं नही?”

धर्मेंद्रने यावर दिलेले उत्तर कोणाला आठवत नाही. त्याच्या तीन बहिणी आखाजीला हिंगपाड्याच्या काठावर उभ्या राहतात, एवढे मात्र निश्चित आहे.

हिंगपाड्यात आनंदीआनंद झाला. इंदिराबाईंच्या सासूबाई वच्छलाबाई दुपारभर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला शेव-मुरमुरे देत होत्या. बोरपाटची लेक स्वतःच्या तोंडाने, तेही रेडिओवर, कबुली देते, यापेक्षा मोठा पुरावा त्यांना नको होता. बोरपाटहून संध्याकाळी एकच फोन आला. तो इंदिराबाईंचे थोरले भाऊ झुलाल यांचा होता.

“आते हिंगपाड्यानीच ऱ्हाय तू. आखाजीले तुले लेवाले मी येवाव नही.”

“नाना, आयकी तं ले...”

फोन बंद झाला होता.

याचा अर्थ बाहेरच्या वाचकाला सांगणे आवश्यक आहे. सासरी असलेल्या लेकीला सणाला न्यायला माहेरचा जो माणूस येतो त्याला मुराळी म्हणतात. मुराळ्याशिवाय आखाजीला माहेरी जाणे म्हणजे न बोलावता पंगतीला बसणे. बोरपाट पुलापलीकडे आहे. इंदिराबाई भाजी घ्यायलाही तिकडे जातात. आखाजीला मात्र लग्न झाल्यापासून दरवर्षी झुलाल यायचे, तेव्हाच त्या पूल ओलांडायच्या. ते आले नाहीत तर इंदिराबाईंना नदीवर उभे राहायला काठच उरणार नव्हता. हिंगपाड्याचा काठ हिंगपाड्याच्या लेकींचा. तिथे सुनेचे काम काय?

केंद्राच्या संयोजिकेने चूक दुरुस्त करणारे निवेदन करावे असे सुचवले. इंदिराबाईंनी घरी नुसता विषय काढला.

“त्या पळन्या नहीत म्हनतीस?” वच्छलाबाई म्हणाल्या. “मंग कोन पळनं? आमी?”

नदीला दोनच काठ असल्यामुळे या युक्तिवादात दोष काढणे कठीण होते. आखाजीचे चार दिवस माहेरी काढून पुढचे वर्षभर इंदिराबाईंना याच घरात राहायचे होते. यजमान रतिलाल यांनी या प्रकरणी मत देण्याचे नाकारले आणि ते दोंडाईच्याला कामाला निघून गेले. निवेदन झाले नाही. एप्रिल उजाडला, झोक्यांसाठी दोर विकायला आले, गल्लीतील इतर सुनांचे मुराळी येऊ लागले. इंदिराबाईंनी झुलाल यांना पुन्हा फोन केला. उचलला गेला नाही.

आखाजीच्या आधीच्या आठवड्यात ‘ओसरी’ थेट प्रसारित झाली. विषय होता सणाच्या पद्धती, कोणत्या उरल्या आणि कोणत्या गेल्या. थेट असल्याने धर्मेंद्रला कापण्याची सोय नव्हती. घराघरांत गौराई कशी मांडतात हे सांगून झाल्यावर इंदिराबाई अगदी सरकारी मराठीत म्हणाल्या:

“बोरपाट या गावात मात्र लेकीला आणण्यासाठी मुराळी पाठवण्याची पद्धत आता बंद झाली आहे...” इथे ध्वनिमुद्रणात थोडा वेळ शांतता आहे. “असे कळते.”

नंतर गाणे लागले.

गाणे संपण्यापूर्वीच केंद्रातला फोन वाजू लागला. बोरपाटचे भाऊ बोलत होते. कोणी कालच बहिणीला घेऊन आला होता, कोणी गाडी ठरवून बसला होता. एकाने तर पुराव्यादाखल बहिणीलाच फोनवर आणले. ज्या गावाचे भाऊ बहिणीला आणायला जात नाहीत त्या गावाशी सोयरीक कोण करील, हा प्रश्न लग्नाच्या मुलांच्या बापांनी विचारला. त्या संध्याकाळी झुलाल पारावर आले तेव्हा त्यांच्यासाठी जागा सरकवायला कोणी हलले नाही.

“झुलाल भाऊ,” रुपचंद नावाचे त्यांचे शेजारी म्हणाले, “एक तुनामुळे बठ्ठा गावनं नाक गयं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी झुलाल धुतलेली टोपी घालून मोटारसायकलवरून हिंगपाड्यात दाखल झाले. साक्षीदार म्हणून मागे रुपचंद बसलेले होते. झुलाल ओट्यावर चढले, पण बसले नाहीत.

“तुनं मशीन कोठे शे?”

“कसाले, नाना?”

“चालू कर पहिले.”

हे ध्वनिमुद्रणही केंद्रात आहे. त्यात झुलाल सभेत बोलावे तसे ओरडून बोलतात: “मी झुलाल, बोरपाट. बहीनले लेवाले उनू शे. आमना गावनी पद्धत बंद पडेल नही. बठ्ठा ऐका!”

“पन नाना, तू तं येवाव नही म्हनेल व्हता.”

“कोनी सांगं तुले?”

घरातून वच्छलाबाईंचा आवाज ऐकू येतो: “मुराळीले च्या दे वं. आनि पुलवरथून हळूहळू जाज्यात, नही तं लोक म्हनतीन पळनात!”

रुपचंद हसल्याचे स्पष्ट ऐकू येते. झुलाल हसले की नाही, हे आवाजावरून ठरवता येत नाही. चहाची बशी मात्र वाजते.

असत्य विधान केल्याबद्दल केंद्राने इंदिराबाईंकडे खुलासा मागितला. त्या दिवशी ते विधान निदान एका घरापुरते खरे होते, असा त्यांचा बचाव होता आणि तो मान्य करण्यात आला.

आखाजीच्या संध्याकाळी त्या बोरपाटच्या काठावर नानीबाईंच्या शेजारी उभ्या होत्या. वच्छलाबाईंच्या आमटीतल्या डुबुकवड्यांवर त्यांनी त्या वर्षी नवे कडवे रचले होते. ते ऐकून अलीकडच्या काठावरच्या गर्दीत सर्वांत जोरात कोण हसले, याविषयी दोन्ही गावांचे एकमत आहे: खुद्द वच्छलाबाई.

काही गोष्टी मात्र अनिर्णित आहेत. २०२४ च्या आखाजीला आधी कोण पळाले, हे ठरवता आलेले नाही. धर्मेंद्रने नानीबाईंचे उत्तर घाईत कापले की हेतुपुरस्सर, याला त्याच्या शब्दाखेरीज आधार नाही. आणि थेट प्रसारणातील ती शांतता इंदिराबाईंच्या नेहमीच्या पद्धतीचा भाग होती, की भाऊ खरोखरच येणार नाही असे त्या क्षणी त्यांना वाटले होते? विचारले असता त्या म्हणाल्या, “तुम्हीच सांगा, काय वाटलं ऐकून?” ध्वनिमुद्रण अनेकदा ऐकूनही याचे उत्तर मिळालेले नाही.