करंगळीचं मशीन

काशीरामाच्या पायाला भिंगरी होती, आणि रत्नागिरीत टायपिंगचा क्लास चालवणाऱ्याला, म्हणजे दिवसभर एका खोलीत बसायच्या माणसाला, ती असून चालत नाही. कुठे कुणी मशीन विकत घेतंय असं कानावर आलं की हा चपला अडकवून निघालाच. बोलावलंय कुणी? कुणी नाही. कोर्टाबाहेर अर्ज टाइप करणाऱ्याला तो सांगे, लांब कॅरेजचंच घे, मोठा कागद आडवा चढला पाहिजे. पैसे कमी पडतात तर जुनं घे, पण रोलरवर नख दाबून बघ. नख रुतलं नाही तर रबर मेलं म्हणून समज. मिरकरवाड्याच्या दाजीला बर्फाच्या कारखान्यासाठी नवं कोरं हवं होतं. त्याला काशीरामाने दुकानाच्या पायरीवरूनच परत फिरवलं. खाऱ्या वाऱ्यात नवं काय नि जुनं काय, सारखंच गंजतं. दिवसाला चार बिलं मारायला जुनं बस्स झालं, असं त्याचं म्हणणं. दुकानदाराने त्याला चहा विचारणं कधीच सोडलं होतं.

हा सगळा शहाणपणा घरात येऊन अडला होता. त्याच्या मुलीची, गंगाची, डावी करंगळी लहानपणी विळीवर कापली होती. शीर तुटली आणि बोट ताठ राहिलं. शिफ्टची कळ मात्र करंगळीचीच, आणि मराठीत ती घडोघडी दाबावी लागते. जड मशीनवर त्या एका कळीसरशी अख्खं कॅरेज उचलावं लागे. अलोऱ्याला वीज प्रकल्पाच्या ऑफिसात टायपिस्टची जागा निघणार होती. मराठी थर्टीची, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांची, परीक्षा पास झाली तर ती गंगाला मिळाली असती. नाहीतर मामाने मुंबईचं स्थळ तयारच ठेवलं होतं, आणि ते तिला मुळीच नको होतं.

वर्षभर काशीराम हलक्या शिफ्टचं मशीन शोधत वणवणला. चिपळूण झालं, कोल्हापूर झालं. गंगा म्हणायची, बाबा, जरा बसा, माझं टायपिंग बघा. तो म्हणायचा, आधी मशीन. शेवटी सांगलीत एक मिळालं. शिफ्ट अशी, की फुंकर मारली तरी खाली जाईल. त्या दिवशी तो चक्क तासभर एका जागी बसला.

परीक्षा जानेवारीत आली. आदल्या संध्याकाळी गंगाच्या आईने, सोनूबाईने, लेकीच्या केसांना खोबरेल लावलं आणि वाटीत उरलेलं मायेने त्या सांगलीच्या मशीनच्या सांध्यांत सोडलं. बिजागरी कुरकुरली तरी खोबरेल, टाच भेगाळली तरी खोबरेल. तिचं तरी काय चुकलं? पहाटेच्या थंडीत ते थिजलं. परीक्षेच्या हॉलमध्ये गंगाने सरावाला चार अक्षरं मारली, तर अक्षरांच्या दांड्या वर गेल्या त्या वरच राहिल्या.

क्लासवाल्यांना एक जादा मशीन आणायची मुभा होती. काशीरामाने आणलेलं जादा मशीन म्हणजे क्लासमधलं सगळ्यात जड धूड. त्याने ते स्वतः उचलून तिच्यापुढे ठेवलं आणि सुपरवायझरने त्याला बाहेर घालवलं. तो खिडकीपासून नळापर्यंत आणि नळापासून खिडकीपर्यंत फेऱ्या घालू लागला. फार भ्याला होता तो. आपणच पोरीचं आयुष्य त्या लोखंडाखाली ठेवून आलो, असं त्याला वाटत होतं. बऱ्याच वेळाने खिडकीशी थांबायचा धीर झाला. हॉलभर खडखडाट चालला होता आणि गंगा मान न वळवता मारत होती. शिफ्टवर करंगळी नव्हतीच. शेजारचं बोट वाकून कळ दाबत होतं आणि लगेच जागेवर परत येत होतं. अशा बोटावर काशीराम क्लासात पट्टी मारायचा.

बाहेर आल्यावर पेपर पुरा झाल्याचं तिने सांगितलं. त्याने विचारलं ते त्या बोटाचं, कधीपासून म्हणून.

"वरीस झाला, बाबा," गंगा म्हणाली. "ह्याच मशिनीवर. तुमी गावोगावच्या मशिनी बघीत व्हतात."

पुढे ती पास झाली, अलोऱ्याला रुजूही झाली. पण त्या सकाळी, नळाशी उभं राहून, काशीरामाने तिचा डावा हात हातात घेतला. करंगळीशेजारच्या बोटाला जाड घट्टा पडला होता. त्याला लाज वाटली. रोज त्याच्यापुढे चहा ठेवणारा तो हात त्याने वर्षभरात एकदाही उलटून बघितला नव्हता.