वाळत घातलेले बोंबील आणि आम्ही साहेब मंडळी

वरिष्ठ अधिकाऱ्यांचं नेतृत्व विकास शिबिर म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. तीच ती गोल खुर्च्यांची बैठक, तेच रंगीत कागद चिकटवणं. या वेळीही नाही म्हणणार होते, पण बोईसरच्या या शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत दुसऱ्या दिवसासमोर लिहिलं होतं, 'किनाऱ्यावरील कोळीवाड्यास अघोषित भेट, कोणताही राजशिष्टाचार नाही.' ते वाचलं आणि लगेच होकार कळवला.

कारण सांगते. येत्या वर्षात मी निवृत्त होतेय. सगळी नोकरी जिल्ह्याजिल्ह्यांत गेली, पण एकही गाव मी त्याच्या साध्या दिवशी पाहिलेलं नाही. मी पोचायच्या आधी रस्त्याच्या कडेला चुन्याची रेघ पोचलेली असते. शाळेतली मुलं आंघोळ करून बसलेली असतात. एकदा तरी, नोकरीत असताना, गाव आपल्या तंद्रीत असताना पाहायचं होतं. निवृत्तीनंतर पाहून काय उपयोग? तेव्हा मला काही करताही येणार नाही.

निघताना आमचे हे म्हणाले, "त्या बाजूला जातेस तर सुके बोंबील आण. चांगले बघून आण."

ठाण्याहून गाडीने निघालात तर घोडबंदर ओलांडून अहमदाबाद हायवेला लागा आणि ट्रकवाल्यांशी स्पर्धा करू नका, जीव प्यारा असेल तर. बोईसरला जायला चिल्हार फाट्याचा रस्ता सरळ पडतो, पण मी ड्रायव्हरला मनोरवरून पालघरला वळायला लावलं. थंडीचे दिवस, दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं, मधेच भाजीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायका. मनोरच्या नाक्यावर चहा आणि गरम भजी खाल्ली. पालघरमध्ये जेवायचं असेल तर मोठी पाटी बघून आत शिरू नका, गर्दी बघून शिरा. मला मिळालेली सुरमईची थाळी मुंबईपेक्षा पुष्कळ स्वस्त होती आणि सोलकढी मागाल तितकी.

बोईसरचं हॉटेल कारखान्यांच्या वस्तीला लागूनच होतं. खाली चहाच्या टपरीवर सगळं हिंदीच कानावर पडतं. खोली स्वच्छ, खिडकी मात्र उघडू नका, हवेला रसायनांचा वास असतो.

शिबिर घेणारी ईशा माझ्या मुलीच्या वयाची, हुशार आणि भलतीच उत्साही. तिने आल्याआल्या सगळ्यांच्या छातीवर नुसत्या पहिल्या नावाच्या चिठ्ठ्या लावल्या. "इथे कुणी साहेब नाही, मॅडम नाही!" कसलं काय! चहा होईपर्यंत आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ विलास हे 'विलास सर' झाले होते आणि त्यांच्याहून कनिष्ठ असलेले आपोआप त्यांच्या डाव्या हाताला सरकले होते. गोलातसुद्धा आम्ही ज्येष्ठतेनेच बसतो! जेवताना विलास सर फोनवर बोलत होते, तर थाळीला कुणी हात लावेना. ईशा बिचारी एकटीच जेवायला लागली आणि मग तिला स्वतःचीच लाज वाटली.

विलास सर माणूस म्हणून फार भले, हे आधीच सांगून ठेवते.

दुसऱ्या दिवशी बसने निघालो. तारापूरच्या पुढे, चिंचणीच्या अंगाला, खाऱ्या पाण्याच्या खाजणांमधून रस्ता जातो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. त्या बायकांना पुन्हा आमच्यासारख्यांचा ताप नको.

बस वळली आणि पाहते तर काय, रस्त्याच्या कडेला चुन्याची रेघ! पुढे रांगोळी. मांडव. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पुढच्या रांगेतल्यांवर पांढरे टॉवेल. ओवाळायला बायका नऊवारी नेसून, गजरे माळून उभ्या. आणि वास कशाचा? फिनाईलचा. कोळीवाड्यात!

किनाऱ्यावर बांबूच्या काठ्या ओळीने बांधलेल्या होत्या, बोंबील सुकवायच्या. सगळ्या रिकाम्या. धुतलेल्या.

मला ओवाळणाऱ्या म्हाताऱ्या बाईंचं नाव मथुराबाई. कपाळावर कुंकू लावून घेता घेता मी हळूच विचारलं, "मावशी, बोंबील कुठे गेले?"

"काडले ना. सायेब लोकं येनार, वास नको म्हनून सांगला."

"सुकले होते?"

"कुटं! कालच टांगलेले. जबड्यात जबडा अडकवून आमी सगल्या बाया दिसभर टांगत होतो." मग माझा चेहरा बघून त्याच मला समजावायला लागल्या. "जाव द्या हो. घरात ढीग घातलाय, वर ताडपत्री हाय. खराब होतील ते होतील. तुमी शहाला घ्या."

मी शहाळं घेतलं. दुसरं काय करणार होते? शेजारी विलास सर मनापासून भाषण करत होते, गावकऱ्यांच्या स्वच्छतेचं कौतुक. बायका टाळ्या वाजवत होत्या आणि ईशा फोटो काढत होती.

संध्याकाळी चहाला मी सरळ विचारलं, "कुणी कळवलं?"

विलास सर म्हणाले, "कळवलं असं नाही हो मॅडम. नुसतं कानावर घातलं. कुणाच्या हद्दीत जायचं आणि सांगायचं नाही, वाईट दिसतं ना."

मग एकेक जण बोलायला लागला. एकाने जुन्या सहकाऱ्याच्या कानावर घातलं होतं. एकाने नुसतं विचारलं होतं की रस्ता कसा आहे. एकीने तर 'काही करू नका हं, आम्ही असेच येतोय' असं बजावून सांगितलं होतं. आमच्या खात्यांत याचा अर्थ सगळं करा असा होतो, हे तिला ठाऊक नाही म्हणता? सगळ्यांचे फोन एकाच कचेरीत जाऊन पडले. तिथल्या माणसांना वाटलं असणार, कोण येतंय कुणास ठाऊक!

"अहो, त्या बायकांचा माल गेला!" मी म्हणाले. आवाज चढलाच माझा.

"अरेरे," विलास सर म्हणाले. खरंच वाईट वाटलं त्यांना. "मग उद्या आपण भरपाईचं कुणाच्या तरी कानावर घालू."

मी कपाळावर हात मारून घेतला.

तिसऱ्या, शेवटच्या दिवशी समारोप होता, प्रमाणपत्रं आणि व्हॉट्सॲपचा नवा ग्रुप. मी जेवणाच्या सुट्टीत सटकले. ड्रायव्हरला सांगितलं नाही, साधा सलवार-कमीज चढवला आणि नाक्यावरून रिक्षा केली. तुम्ही जाणार असाल तर शेअर रिक्षा स्वस्त पडते. अख्खी केलीत तर भाव आधी ठरवा आणि परतीलाही थांबवून ठेवा.

रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. "मच्छी लेने, आंटी?"

"हां," मी म्हटलं. आंटी! इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

गावाबाहेरच उतरले. रस्त्यावरची रांगोळी माणसांच्या पायांनी पुसट झाली होती. वळणावर आले आणि थांबले. काठ्या भरलेल्या होत्या! ताजे बोंबील, उन्हात गुलाबी चमकणारे, वाऱ्यावर हलत होते. जुन्या साड्या कासोटा मारून नेसलेल्या बायका टांगता टांगता एकमेकींची चेष्टा करत होत्या, कुणीतरी कुणाला झकास शिवी हासडली, सगळ्या खो खो हसल्या. मासळीचा वास असा की डोळ्यांत पाणी यावं. माझ्या आलं, पण ते वासाने नव्हे.

तेवढ्यात मथुराबाईंनी मान वर केली.

"अगो, कालच्या मॅडम आल्या!" त्या घाबऱ्याघुबऱ्या ओरडल्या. "कुनी सांगलाच नाय! काडा गो, काडा!"

आणि बायका भराभर बोंबील उतरवायला लागल्या.

"राहू द्या! राहू द्या!" मी ओरडले. पण आवाज माझा तोच, कचेरीतला, इतक्या वर्षांचा. त्यांना तो हुकूमच वाटला आणि त्यांचे हात आणखी जोरात चालू लागले. एकजण खुर्ची आणायला पळाली.

मी आणखी दोन पावलं पुढे टाकली असती तर उरलेल्या काठ्याही रिकाम्या झाल्या असत्या. नुकसान थांबवायचा एकच मार्ग माझ्या हातात होता. मी पाठ फिरवली आणि जवळजवळ पळत रिक्षा गाठली.

"मच्छी नहीं मिली?" रिक्षावाल्याने विचारलं. मी मान हलवली. रिक्षा लांब गेल्यावर मागच्या झरोक्यातून पाहिलं. बायका काठ्यांपाशी परतल्या होत्या आणि बोंबील पुन्हा वर चढत होते. ठिपक्यांएवढं दिसत होतं सगळं.

चिल्हारमार्गे घरी आले, रस्ता चांगला आहे. ग्रुपवर फोटो आले होते आणि विलास सरांनी मला हात जोडून 'काल जे झालं त्याचं मनाला लागलं' असं लिहिलं होतं. तुम्ही मात्र जरूर जा त्या बाजूला. तुम्हाला तिथे कुणी ओळखत नाही, ही केवढी चैन आहे, ते तुम्हाला कळायचं नाही.

ह्यांनी पिशवी उलटीपालटी करून पाहिली. "बोंबील?"

"होते की," मी म्हटलं. "लांबून पाहिले."