कात्रीबाईची लेन्स

गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे कात्रीबाई म्हणायचे. कापडाचे चाळीस थर एकावर एक अंथरून खडूच्या रेघेवरून कापायचं यंत्र फिरवायचं आणि रेघ सुताएवढीही चुकवायची नाही, हे काम तिनं सव्वीस वर्षं केलं. मग उजव्या हाताला कंप सुटला. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण हा पाहुणा आता मुक्कामालाच आलाय. कारखान्यानं तिला तपासणीच्या टेबलावर बसवलं. नाव तेवढं तेच राहिलं.

जेवणाच्या सुट्टीत ती मागच्या तळ्याकाठी बसायची. तिथले पाण्यावर भिरभिरणारे चतुर बघता बघता तिला फोटोचा नाद लागला. मोबाइलवर चतुर नुसता काडीसारखा दिसायचा आणि जवळ जावं तर भुर्रकन उडायचा. तिला त्याच्या पंखांवरच्या शिरा हव्या होत्या. दुधाची तहान ताकावर भागवायची तिला सवय नव्हती.

"चांगला कॅमेरा घ्यायचाय," तिनं नवऱ्याला सांगितलं. तो शाळेची बस चालवायचा. माणूस प्रेमळ, पण जिभेला हाड नाही.

"अगं, तुझ्या हातात चहाचा कप ठरत नाही, तिथे चतुर काय ठरणार?"

"म्हणूनच चांगला घ्यायचाय," ती म्हणाली आणि भांडी विसळू लागली.

दुकानदारानं तिच्यापुढे आधी भलीमोठी झूम लेन्स ठेवली. तिनं ती उचलली, तर मिनिटभरात मनगट जास्तच थरथरायला लागलं.

"मग स्टँड घ्या ना, ताई."

"स्टँड उघडेपर्यंत चतुर थांबत नाहीत, भाऊ."

तिनं पर्समधून एक पांढरी चिंधी काढली. तिच्यावर पांढऱ्याच दोऱ्याचे बारीक टाके होते. चिंधी दुकानातल्या फळीला टाचून ती म्हणाली, "फोटोत हे टाके मोजता आले पाहिजेत." स्वतःचं मेमरी कार्ड घालून, हातात धरूनच, तिनं प्रत्येक कॅमेऱ्यावर वीस-वीस फोटो काढले. दुकानदाराच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिसऱ्या शनिवारी ती पुन्हा आली, तेव्हा मात्र त्यानं स्वतःहून स्टूल पुढे केलं.

घरी ती एकेक फोटो मोठा करून टाके मोजायची. ज्या बॉडीत, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यात, हाताचा कंप सावरून घ्यायची सोय होती, तिथे जास्त फोटो स्वच्छ यायचे. सगळ्यात नव्या बॉडीतही ती सोय होती, पण पकड उथळ होती, बोटं घसरायची. एका जुन्या मॉडेलची पकड खोल होती. त्यावरचे वीसपैकी अकरा फोटो स्वच्छ निघाले.

"ताई, ती जुनी झाली आता," दुकानदार म्हणाला.

"मीही जुनीच आहे. हिशोब हिचाच बरा लागतोय."

जुनी बॉडी घेऊन वाचलेले पैसे तिनं लेन्सवर घातले. बारीकसारीक गोष्टी मोठ्या टिपणारी मॅक्रो लेन्स स्वस्तातली घेतली असती, तर चतुराच्या अगदी नाकाशी जावं लागलं असतं. तिनं घेतली ती हातभर लांबून काम करणारी.

पण तळ्यावर पहिले सहा आठवडे हाती भोपळाच लागला. चिंधी फळीवर गप्प बसते, चतुर बसलेल्या काडीसकट वाऱ्यावर डुलतो. कॅमेऱ्यातली सोय हाताला सावरत होती, वाऱ्याला कशी सावरणार? मग तिनं शटरचा वेग वाढवला, म्हणजे डुलणारा चतुरही क्षणात टिपला जाईल. कारखान्यातल्या कातरणांची एक पिशवी शिवली आणि ती कोपराखाली घेऊन चिखलात पालथी पडू लागली. तपासणीच्या टेबलावरच्या बायका तिच्या कोपरांकडे बघून हसायच्या. ती पाण्यानं कोपर धुऊन कामाला बसायची.

सातव्या आठवड्यात एक लाल चतुर समोरच्या वाळक्या देठावर येऊन बसला. तिनं श्वास रोखला आणि बटण दाबून धरलं. त्रेचाळीस फोटो निघाले. बेचाळीस वाया गेले. एकात मात्र पंखाची शीर न् शीर मोजून घ्यावी अशी होती.

संध्याकाळी नवऱ्यानं तो फोटो पडद्यावर मोठा केला, चष्मा पुसला, परत बघितला.

"हे तू हातात धरून काढलंस?"

"हो. पिशवीवर कोपर टेकून."

त्यानं दाराजवळ ठेवलेल्या पिशवीकडे बघितलं. मग म्हणाला, "त्या पिशवीला खालून प्लॅस्टिक शिव. चिखल आत मुरतोय."

तिनं दुसऱ्याच दिवशी सकाळी ते शिवून टाकलं आणि जेवणाच्या सुट्टीत पुन्हा तळं गाठलं. निळा चतुर अजून मिळायचा होता.