मोरीकडचे दोन पाय

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे टेबलावर तांब्याभर पाणी ओतून बघणं. ओतलं बायकोनं, बघायला वाकलो मी. पाणी जागचं हललं नाही. म्हशीसारखं बसून राहिलं.

"पानी हालनंच नही," ती म्हणाली.

"दम धर. जाई."

"कव्हय जाई? दिवाळीले?"

टेबल म्हणतो खरा, पण त्यावर जेवायचं नव्हतं की लिहायचं नव्हतं. ते रोपांसाठी होतं. आमचं घर धाब्याचं, वर मातीचं छत. मोरीजवळ छताला उजेडासाठी एक भोक होतं. खाली जेवढा उजेड पडे, तेवढ्यात ती उन्हाळ्यात वांग्यामिरच्यांची रोपं करायची, घासलेटच्या कापलेल्या डब्यांत. अंगणात केली तर ऊन जाळतं, आणि उन्हातून वाचलं ते शेळ्या खातात. आमच्याकडचं ऊन कसलं असतं ते बाहेरच्याला सांगून पटत नाही. घरातली तिची रोपं मात्र मृगापर्यंत वीतभर व्हायची आणि अर्धी गल्ली तिच्याकडून न्यायची.

अडचण एकच, पाण्याची. डब्यांना खाली भोकं पाडली तर पाणी झिरपून सारवलेली जमीन भिजे, तिथं वाळवी लागे. नाही पाडली तर पाणी आतच साचून मुळं कुजत. आदल्या साली निम्मी रोपं तशीच गेली. बाई दोन दिवस नीट जेवली नाही. यंदा म्हणाली, मला असं काहीतरी करून द्या की पाणी डब्यातून खाली येईल आणि सरळ मोरीत जाईल.

लढाईचे दिवस. पत्रा मिळत नव्हता, खिळे मिळत नव्हते. सुताराला विचारलं तर तो मलाच विचारतो, लाकूड आहे का? लाकूड असतं तर तुझ्याकडे कशाला आलो असतो बाबा. शेवटी कापसाच्या जिनातल्या मोडक्या खोक्याच्या फळ्या आणल्या. बाभळीचे चार पाय तासले. बाभूळ वाळली की लोखंड होते, करवतीचे दात गेले माझ्या. फळ्यांवर घासलेटचे डबे ठोकून सपाट केलेला पत्रा बसवला, कडा वर वळवल्या, सांध्यांत धरणगावहून आणलेलं डांबर भरलं. वर बांबूच्या कामट्या ठेवल्या, म्हणजे डब्यांची बुडं उचललेली राहतील आणि भोकं बुजणार नाहीत. मोरीकडच्या कडेला पत्र्याची चोच काढली. आणि त्या बाजूचे दोन पाय दोन बोटं आखूड ठेवले, पाण्याला ढाळ मिळावा म्हणून. अंगणात चारदा पाणी ओतून पाहिलं. चोचीतून धार पडली. शेजारचे लोक येऊन बघून गेले. एकजण म्हणाला, भाऊ, आता तुम्ही कालवेच काढा.

तेच टेबल घरात नेऊन ठेवलं तर पाणी बसलेलं.

मी फळ्यांना दोष दिला. मग डांबराला दिला. ती तोंडाला पदर लावून उभी. हसत होती हे मला कळत होतं.

"मोरीकडे जमीन उच्ची शे," ती शेवटी म्हणाली. "मोरीनं पानी घरमा येस म्हनून मी दर साल तठे माती लावस."

"मंग आधी सांगं का नही?"

"तुम्ही इचारं कव्हय? तुम्ही तं मिस्तरी!"

म्हणजे मी दोन बोटं कापली आणि तिनं दोन बोटं माती चढवली. ढाळ गेला मातीत. टेबल फिरवावं तर पाणी जात्याकडे येणार. मागच्या पायांखाली दगड सरकवले तर ते डुगडुगायला लागलं, वर ठेवून पाहिलेला एक डबा कलंडला, चार रोपं मोडली. ती म्हणाली, दगड नको, पायच कापा. मी म्हणालो, आता हात दुखतात, उद्या कापतो. ती म्हणाली, बरं.

पहाटे ती उठली नाही. आजार नाही, कण्हणं नाही. काही बोलून तरी जायचं. मला राग आला होता आणि अजून आहे. जमिनीचं सांगितलं नाही, हेही सांगितलं नाही.

दिवसभर माणसं. जागा करायला कोणीतरी डबे उचलून अंगणात नेले, टेबल भिंतीला उभं केलं. नदीवरून परत आलो तर रोपं माना टाकून पडलेली. कोणाला पाणी घालायचं सुचलं नव्हतं. मी घालायला गेलो तर म्हणे, आज राहू द्या. शेजारचे नाना म्हणाले, ही आता टाकून द्या, करणारीच गेली. अंधार पडला तसे सगळे डबे मीच आत आणले.

सकाळी करवत काढली. टेबल आडवं केलं, मोरीकडच्या पायांवर कोळशानं खूण केली आणि कापायला बसलो. माझी थोरली बहीण, अक्का, धावत आली.

"सुतकमा करवत धरस? लोके काय म्हनतीन?"

"रोपे सुतक पाळतस का?"

"तुनं डोकं फिरनं."

"फिरू दे. ती बाजू धर."

धरली नाही. पुटपुटत चुलीकडे गेली. एकट्यानं कापताना टेबल सरकत होतं, म्हणून त्यावर गुडघा रोवला. दुसरा पाय जास्त कापला गेला, मग पहिला परत कापला. शिव्या दिल्या, कोणाला ते मलाही माहीत नाही. उजेडाखाली टेबल लावलं. पाणी वरच्या टोकाला ओतायचं आणि चोच बघायला पलीकडे जायचं, दोन्ही मलाच करायचं होतं. ओतलं, फिरून गेलो, तोवर धार संपत आली होती. पण मोरी ओली झाली होती. परत ओतलं. या वेळी पडताना दिसली.

डबे एकेक करून कामट्यांवर मांडले. जी रोपं मेली होती ती उपटली. बाकीच्यांना पाणी घातलं. धोतरावरचा भुसा झटकला नाही, तसाच ओट्यावर लोकांत जाऊन बसलो.